पुराव्यावर आधारित फिजिओथेरपी: नेमकं अडतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पदव्युत्तर अभ्यासक्रमात एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस, म्हणजे संशोधनातल्या पुराव्यावर आधारित उपचार, शिकलात, शोधनिबंध वाचता येतात, पण नोकरीला लागल्यावर ओपीडीत तेच चाललेलं दिसतं. शेक, अल्ट्रासाउंड (दुखऱ्या भागावर ध्वनिलहरी सोडणारं मशीन), आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचं इंटरफेरेन्शियल मशीन) आणि शेवटी घाईघाईने पाच मिनिटं व्यायाम. वरिष्ठ म्हणतात, "आमचा अनुभव हाच पुरावा." सहकारी म्हणतात, वेळ नाही. खरा अडथळा कोणता आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलंय.

वेळेची तक्रार खोटी नाही. अमेरिकेतल्या 488 फिजिओथेरपिस्टांचं एक सर्वेक्षण 2003 साली प्रसिद्ध झालं, त्यातही पहिलं कारण वेळेचा अभाव हेच होतं. 2015 साली जगभरातली अशी सर्वेक्षणं एकत्र करून एक पद्धतशीर आढावा घेतला गेला. त्यात वेळेच्या जोडीने संख्याशास्त्र न समजणं, संस्थेचा पाठिंबा नसणं, साधनं नसणं, रस नसणं आणि 'हे निष्कर्ष माझ्या पेशंटला लागू पडत नाहीत' असं वाटणं, ही कारणं पुढे आली. यादी बरोबर आहे. पण इतकी वर्षं विभाग चालताना जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की नवं शिकायला फारसं कुणाचं अडत नाही, अडतं ते जुनं थांबवताना. अर्ध्या तासाच्या सेशनमधली वीस मिनिटं मशीनला गेली, तर उरलेल्या दहा मिनिटांत पेशंटची भीती समजून घेणं, व्यायाम नीट शिकवणं, मागच्या वेळचं भार-प्रमाण वाढवणं यातलं काहीही बसत नाही. वेळ असतो, पण तो आधीच वाटून टाकलेला असतो.

आकड्यांतही हेच दिसतं. स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारींवर फिजिओथेरपिस्ट प्रत्यक्षात काय करतात, याचा एक मोठा आढावा 2019 साली आला. फिजिओथेरपिस्टांनी स्वतः भरून दिलेल्या सर्वेक्षणांत, गाइडलाइनने (उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांनी) सुचवलेले उपचार निवडणाऱ्यांचं मध्यक, म्हणजे सगळ्या अभ्यासांतलं मधलं, प्रमाण 54 टक्के होतं. 'देऊ नका' असं सांगितलेले उपचार निवडणारे 43 टक्के होते आणि ज्यांच्याबद्दल कुठलीच शिफारस नाही असे उपचार निवडणारे 81 टक्के. हे तीन आकडे एकत्र वाचा. बरेच जण योग्य उपचार देतातच, पण त्यांच्यासोबत बाकीचंही देत राहतात. त्यामुळे योग्य उपचाराचा डोस पातळ होतो.

अल्ट्रासाउंडचंच उदाहरण घेऊ. 2001 साली त्याच्यावरच्या 35 रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे पेशंटना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटून केलेले प्रयोग, तपासल्या गेल्या. पद्धतीच्या कसोटीवर त्यातल्या 10 टिकल्या आणि त्या 10 पैकी 8 मध्ये बंद मशीन फिरवण्यापेक्षा चालू मशीनचा फायदा जास्त दिसला नाही. 2016 साली आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या कंबरदुखीच्या गाइडलाइनने अल्ट्रासाउंड, टेन्स (त्वचेवरून सौम्य विजेचा प्रवाह), इंटरफेरेन्शियल (आयएफटी) आणि ट्रॅक्शन (कण्याला ताण देणं) हे चारही देऊ नयेत, असं स्पष्ट लिहिलं. हे सगळं तुम्ही परीक्षेत लिहिलंही असेल. मग तुमच्या विभागात अल्ट्रासाउंडचा प्रोब (अंगावर फिरवायचा दांडा) अजून का फिरतो?

कारण त्या मशीनभोवती विभागाची रचना उभी असते. एक पेशंट आयएफटीवर, दुसरा शेकावर, तिसऱ्याचं ट्रॅक्शन चालू. अशा वेळी एकच थेरपिस्ट एका तासात जितके पेशंट पाहतो तितके तो एकेकाला बसवून व्यायाम शिकवू लागला तर पाहू शकत नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदानाच्या शेजारी मशीनचं नाव आणि 'दहा दिवस' असं लिहून आलेलं असतं. पेशंटलाही आडवं पडून काहीतरी लावून घेतलं की उपचार झाल्यासारखं वाटतं. या तीन गोष्टी जागच्या जागी ठेवून तुम्ही एकट्याने दहा शोधनिबंध वाचलेत, तर तुमची चिडचिड वाढेल, विभाग बदलणार नाही. म्हणून व्यवस्थापनाशी बोलताना 'पुराव्याप्रमाणे काम करू द्या' असं मोघम मागू नका. एका तासात किती पेशंट, पहिल्या भेटीला किती मिनिटं, गटाने व्यायाम घेता येतील का, असे नेमके प्रश्न मांडा. गुडघेदुखीसारख्या तक्रारीत सहा-आठ जणांचा गट एका थेरपिस्टला सांभाळता येतो आणि तिथे पेशंटची संख्या न घटवता मशीन बाजूला ठेवता येतं. डेन्मार्कमध्ये 2013 साली सुरू झालेला 'ग्लॅड' कार्यक्रम साधारण याच पद्धतीचा आहे. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवातासाठी आधी माहितीची सत्रं आणि मग आठवड्यातून दोनदा याप्रमाणे देखरेखीखालची 12 व्यायाम सत्रं. थेरपिस्टला त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं जातं. तो इतर देशांत पसरला, कारण त्यात काय करायचं हे तयार स्वरूपात हातात मिळतं.

आता वरिष्ठांच्या अनुभवाबद्दल. हा मुद्दा मी हलक्यात घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. 1996 साली डॉक्टर डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित पद्धतीची जी व्याख्या लिहिली, तिच्यातच वैद्यकीय अनुभव आणि उपलब्ध सर्वोत्तम पुरावा यांची सांगड घालायला सांगितलंय. पेशंटची पसंतीही त्यात आहे. अनुभव अडतो तो एकाच प्रश्नावर: 'हा उपचार लागू पडतो का?' तीव्र कंबरदुखीचा नैसर्गिक प्रवास पाहा. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात 100 च्या मापावर अशा पेशंटची सरासरी वेदना सुरुवातीला 52 होती, सहा आठवड्यांनी 23 आणि वर्षाने 6. बहुतेक पेशंट आपल्याकडे येतात ते दुखणं सगळ्यात जास्त असताना. त्या दिवशी सुरू केलेला जवळजवळ कुठलाही उपचार पुढच्या तीन आठवड्यांत यशस्वी झालेला दिसणारच. शिवाय जो पेशंट पुन्हा आला नाही तो बरा झाला, असं आपण धरून चालतो. तो कंटाळून दुसरीकडे गेला असेल, तरी ते आपल्याला कळत नाही. अशी वीस वर्षं गेली की त्या उपचारावरचा विश्वास पक्का होतो. यात कुणाचा अप्रामाणिकपणा नाही. तुलनेला दुसरा गट नसेल, तर कितीही हुशार माणसाला हा फरक डोळ्यांनी दिसत नाही. उलट कुठल्या पेशंटला वाकायची भीती बसली आहे, कुणाला सूचना ऐकून समजतात आणि कुणाला करून दाखवाव्या लागतात, कुठलं लक्षण पाहून व्यायाम थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायचं, हे वरिष्ठांइतकं कुठलाही शोधनिबंध शिकवणार नाही. त्यांच्याकडून ते जरूर घ्या.

आणि पुरावा कधीकधी अनुभवासकट सगळ्यांच्या तर्कालाही छेद देतो. पक्षाघातानंतर पेशंटला जितकं लवकर आणि जितकं जास्त उठवू तितकं चांगलं, असं मानलं जायचं. 2015 साली 'अव्हर्ट' ट्रायलचे निकाल आले, 2,104 पेशंटचे. पहिल्या 24 तासांत, नेहमीपेक्षा लवकर, जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगला परिणाम 46 टक्क्यांमध्ये दिसला, नेहमीच्या काळजीच्या गटात 50 टक्क्यांमध्ये. म्हणजे उत्साहाने केलेली जास्तीची हालचाल काहींना तोट्याची ठरली. पुढच्या विश्लेषणात थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवणं बरं, असं दिसलं. असा बारकावा एकेका वॉर्डच्या अनुभवातून कधीच वर आला नसता.

संख्याशास्त्राची भीती हा अडथळा खरा आहे, पण आपण समजतो तितका उंच नाही. ट्रायल करणाऱ्याला जेवढं संख्याशास्त्र लागतं, त्याचा छोटासा भाग वाचणाऱ्याला पुरतो. समजा, गुडघेदुखीच्या एका ट्रायलमध्ये नव्या उपचाराच्या गटात 0 ते 10 च्या मापावर वेदना दुसऱ्या गटापेक्षा 0.6 ने जास्त कमी झाली. 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे तो) 0.2 ते 1.0, पी-व्हॅल्यू (उपचाराने फरक पडतच नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.01 पेक्षा कमी. सारांशात 'लक्षणीय सुधारणा' असं छापून येईल. पी-व्हॅल्यू बाजूला ठेवा आणि इंटरव्हलची दोन्ही टोकं पाहा. उपचार कमीत कमी 0.2 आणि फार तर 1.0 एवढा फरक पाडतोय. जुनाट वेदनेत एका पेशंटला स्वतःत जाणवण्यासारखा बदल साधारण 2 एककांचा किंवा 30 टक्क्यांचा असतो. हे माप एकाच माणसातल्या बदलाचं आहे, दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाला ते जसंच्या तसं लावू नये. तरीही सगळ्यात आशावादी टोकसुद्धा एका एककावर थांबत असेल, तर त्या उपचारासाठी पेशंटला दहा फेऱ्या मारायला लावाव्यात का, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. एवढं वाचता आलं की ओपीडीतल्या बहुतेक निर्णयांना पुरतं.

सारांशावर मात्र विसंबू नका. पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत म्हणून सारांशावर काम भागवायची सवय लागते आणि सारांश बहुतेक वेळा निकालापेक्षा गोड लिहिलेला असतो. पेड्रो हा डेटाबेस 1999 पासून फुकट आहे. त्यात आता फिजिओथेरपीच्या ट्रायल, आढावे आणि गाइडलाइन मिळून 60 हजारांहून जास्त नोंदी आहेत आणि ट्रायलना 10 पैकी गुण दिलेले असतात. गुण पाहताना एवढं लक्षात ठेवा की व्यायामाच्या ट्रायलमध्ये पेशंट आणि थेरपिस्ट या दोघांपासून उपचार लपवणं जवळजवळ अशक्य असतं, त्यामुळे तिथे 8 म्हणजे उत्तमच. पूर्ण लेख हवा असेल तर लेखकाला सरळ ईमेल करा, बरेच जण आनंदाने पाठवतात. इंग्रजी जड जात असेल तर विभागात ज्याला ते सहज जमतं त्याने वाचून बाकीच्यांना आपल्या भाषेत समजावून सांगावं. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

याहून अवघड अडथळा डोसचा आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ट्रायलमधला उपचार आणि ओपीडीतला उपचार यांचं नाव एक असतं, माप वेगळं असतं. पक्षाघातानंतर कमजोर हाताला कामाला लावणारी कन्स्ट्रेंट-इंड्यूस्ड थेरपी (सीआयएमटी) घ्या. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' ट्रायलमध्ये 222 पेशंट होते. चांगल्या हातावर दोन आठवडे जागेपणीचा 90 टक्के वेळ मिट (हात वापरता येऊ नये म्हणून जाड हातमोजा) आणि आठवड्यातले पाच दिवस रोज सहा तासांपर्यंत सराव. एवढं तुमच्या विभागात कोण देणार? पण आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं देऊन 'सीआयएमटी दिली' असं लिहिणं म्हणजे त्या पुराव्याचं नुसतं नाव घेणं. पूर्ण डोस शक्य नसेल तर घरच्या माणसांना बरोबर घेऊन, सरावाची वही ठेवून, जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि केसपेपरवर खरे तास लिहा.

वृद्धांचं पडणं रोखण्याच्या व्यायामाचंही तसंच आहे. 2017 च्या आढाव्यात सगळ्यात जास्त फायदा दिसला तो तोलाला खरोखर आव्हान देणाऱ्या आणि आठवड्याला 3 तासांहून जास्त चालणाऱ्या कार्यक्रमांत. खुर्चीत बसून पाय उचलण्याचा एक छापील कागद दिला, तर तेही नोंदीत 'व्यायाम' म्हणूनच दिसतं. दोष सगळा आपला नाही. ट्रायल लिहिणारेच अनेकदा किती वेळा, किती भार, वाढवायचं कसं हे सांगत नाहीत. म्हणून तर 2014 साली 'टायडिअर' ही उपचाराचं वर्णन कसं लिहावं याची 12 कलमी यादी तयार करावी लागली. लेखात डोस सापडला नाही तर त्याची पुरवणी आणि आधी प्रसिद्ध केलेला प्रोटोकॉल शोधा, बरेचदा तिथे मिळतो.

कधीकधी पुरावा भक्कम असतो, उपचार साधा असतो, वेळही जेमतेम लागतो, आणि तरी तो होत नाही, कारण पेशंट आपल्यापर्यंत योग्य दिवशी पोचतच नाही. पोटाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियेबद्दल 2018 साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली एक ट्रायल आली, 441 पेशंटची. शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टने फक्त अर्धा तास बसून फुप्फुसात गुंतागुंत का होते ते समजावलं आणि शुद्धीवर येताच करायचे श्वासाचे व्यायाम शिकवले. दुसऱ्या गटाला माहितीपुस्तिका दिली. फुप्फुसांची गुंतागुंत 27 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आली. आता तुमच्या रुग्णालयात चिठ्ठी कधी येते ते आठवा. बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, पेशंट दुखण्याने श्वास धरून बसलेला असताना. इथे तुमचं वाचन, तुमचं कौशल्य, तुमची इच्छा यातलं काही कमी नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांच्या दिवशी पेशंट तुमच्या खोलीतून जाईल अशी एक ओळ दाखल करण्याच्या फॉर्मवर वाढवावी लागेल. त्यासाठी सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना भेटायला जाताना शोधनिबंधांचा गठ्ठा नेऊ नका. हे दोन आकडे आणि फॉर्मवरची ती ओळ, एवढं एका कागदावर न्या.

पेशंटची अपेक्षा हा अडथळा बोलून सुटतो, पण बोलणं आधीपासून तयार हवं. "आज मशीन नाही लावणार का?" हा प्रश्न येणारच. "त्याने काही होत नाही" असं उत्तर दिलं तर आधीच्या थेरपिस्टचा अपमान होतो आणि पेशंटचा तुमच्यावरचा विश्वासही डळमळतो. मी साधारण असं म्हणते: "काका, मशीनने तासभर बरं वाटेल, पण तुम्हाला जिना चढायचाय ना? त्यासाठी मांडीत ताकद यायला हवी. आजचा सगळा वेळ आपण त्यालाच देऊ. दोन आठवड्यांनी दोघं मिळून बघू, जिना सोपा झाला का." यात पेशंटचं स्वतःचं ध्येय आहे, मुदत आहे आणि मोजमाप आहे. मोजायला पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल वापरा. 1995 पासून वापरात असलेलं हे साधन फार सोपं आहे. पेशंटला अवघड जाणारी त्याची स्वतःची तीन कामं विचारायची आणि प्रत्येकाला त्यालाच 0 ते 10 गुण द्यायला लावायचे. 0 म्हणजे जमतच नाही, 10 म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं. काही मिनिटांचं काम आहे. दर दोन आठवड्यांनी तेच विचारायचं.

सुरुवात कुठून करायची, तर तुमच्या ओपीडीत सगळ्यात जास्त येणारी एकच तक्रार निवडा. तिच्यावरची अलीकडची एक गाइडलाइन आणि एक पद्धतशीर आढावा वाचा. मग एका पानावर तीन गोष्टी लिहा: काय द्यायचं, किती द्यायचं आणि काय थांबवायचं. तिसरी ओळ सोडू नका, कारण पहिल्या दोन ओळींना लागणारी मिनिटं तिसरीतूनच मिळणार आहेत. वरिष्ठांना हे पान दाखवताना त्यांची पद्धत चूक असल्याचं सिद्ध करायला जाऊ नका. "या पुढच्या काही पेशंटना आपण असं करून गुण लिहून ठेवूया का?" असं विचारा. त्यांच्या पेशंटचेही गुण त्याच स्केलवर लिहिले जावेत. एवढ्या कमी पेशंटवरून कुठला उपचार श्रेष्ठ हे ठरणार नाही, तसा दावाही करू नका. पण मशीन थांबवल्यावर पेशंट बिघडतात किंवा निघून जातात ही जी धास्ती असते, तिच्याबद्दल विभागाच्या हातात स्वतःच्या नोंदी येतात.

एकदाचं प्रशिक्षण किंवा व्याख्यान ठेवून फार बदल होईल अशी अपेक्षा ठेवू नका. नोंदी तपासून उपचार करणाऱ्याला त्याचे आकडे परत दाखवणं, म्हणजे ऑडिट आणि फीडबॅक, याच्या 140 अभ्यासांचा आढावा 2012 साली वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने घेतला. त्यातही अपेक्षित पद्धतीने वागण्यात मध्यक वाढ 4.3 टक्केबिंदूंचीच निघाली. आकडा लहान आहे. पण जिथे सुरुवातीची कामगिरी कमी होती, आकडे एखाद्या वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने दाखवले, ते पुन्हा पुन्हा दाखवले आणि सोबत ठरलेलं लक्ष्य व कृती होती, तिथे फायदा जास्त दिसला. म्हणून महिन्यातून एकदा पंधरा-वीस केसपेपर काढून पानावर ठरवलेलं त्यात किती उतरलं, एवढंच मोजा आणि ते वरिष्ठांनाच मांडू द्या.

राहिला पुरावाच नसलेल्या उपचारांचा प्रश्न. ते पुष्कळ आहेत आणि पुढेही राहतील. तिथे पेशंटला तसं सांगा, धोका आणि खर्च कमी असलेला पर्याय निवडा, किती सेशनमध्ये काय बदललं तर पुढे चालू ठेवायचं हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहा, आणि ठरलेल्या दिवशी तो बदल दिसला नाही तर थांबवा.